अहमदनगरचा किल्ला : बंदिवासाच्या जागेचे स्मारक होताना

करमाड, प्रतिनिधी : करमाड परिसरातील शाळांच्या सहली ठरतात तेव्हा यादीत दौलताबाद हमखास असते. किल्ला चढताना वाटेत चिनी महाल लागतो. भिंतीवरच्या चकाकत्या रंगीत फरशांमुळे त्याला हे नाव पडले. हा महाल एकेकाळी तुरुंग होता, ही गोष्ट मात्र कोणी आवर्जून सांगितली तरच कळते. १६८७ मध्ये गोवळकोंडा जिंकल्यानंतर औरंगजेबाने शेवटचा कुतुबशाह अबुल हसन याला येथे कैदेत ठेवले आणि १६९९ मध्ये तो कैदेतच मरण पावला. मुले फरशा पाहतात, तोफ पाहतात, अंधारी वाट ओलांडतात आणि पुढे जातात.

बंदिवासाच्या जागांचे बहुधा असेच होते. भिंती उरतात, त्या भिंतींआड कोण होते, कशासाठी होते आणि त्यांचे काय झाले, हे हळूहळू पुसट होत जाते. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपने छळछावण्या पाडून टाकण्याऐवजी त्यांतील काही जशाच्या तशा जपल्या, त्यामागे हीच भीती होती. महाराष्ट्रात तशा संहार-छावण्या कधी नव्हत्या. परंतु युद्धकैदी, शत्रुराष्ट्रांचे नागरिक आणि राजकीय नेते यांना खटल्याविना डांबून ठेवणाऱ्या छावण्या मात्र येथे होत्या आणि त्यांतील सर्वांत महत्त्वाची छावणी मराठवाड्याच्या अगदी शेजारी होती. ती म्हणजे अहमदनगर, म्हणजेच आजचे अहिल्यानगर. तेथील भुईकोट किल्ल्यात १९४२ च्या नेत्यांच्या खोल्या जपून ठेवल्या आहेत. त्या जपल्या हे चांगलेच झाले. पण या गावातील बंदिवासाची कथा त्या खोल्यांपुरती नाही. उरलेली कथा सांगणारा फलकही तेथे हवा, असे या विषयाचा मागोवा घेताना वाटत राहते.

किल्ला : वेढ्यांपासून कोठडीपर्यंत

अहमद निजामशाहाने पंधराव्या शतकाच्या अखेरीस या गावाचा पाया घातला. किल्ल्याची दगडी तटबंदी हुसेन निजामशाहाच्या कारकिर्दीत, १५५९ च्या सुमारास उभी राहू लागली. गोलाकार तट, बाहेर रुंद खंदक आणि डोंगराचा आधार नसतानाही वेढा सोसण्याची ताकद, हे या भुईकोटाचे वैशिष्ट्य. १५९५-९६ मध्ये चांदबिबीने मोगलांच्या वेढ्याला येथूनच तोंड दिले. १६०० मध्ये किल्ला मोगलांकडे गेला, पुढे मराठ्यांकडे आला. दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात १२ ऑगस्ट १८०३ रोजी आर्थर वेलस्ली याने तो शिंद्यांकडून घेतला आणि पुढे तो लष्करी ठाणे बनला.

तोफखाना सुधारला तसे जुन्या तटांचे युद्धातील महत्त्व संपले. मात्र बाहेरचा शत्रू अडवण्यासाठी बांधलेला तट आतला माणूस अडवण्यासही तितकाच उपयोगी पडतो. एकच मोठा दरवाजा, भोवती खंदक, शेजारी लष्कराची छावणी आणि मनमाड-दौंड लोहमार्गावरचे स्थानक, एवढ्या सोयी एकत्र असल्यावर इंग्रज सरकारला कैदी ठेवण्यासाठी दुसरी जागा शोधण्याची गरज नव्हती.

बोअर कैदी : पहिला अध्याय

दक्षिण आफ्रिकेत १८९९ ते १९०२ या काळात इंग्रज आणि बोअर यांच्यात युद्ध झाले. मूळचे डच वंशाचे असलेले हे शेतकरी गनिमी काव्याने लढत. त्यांना पुन्हा लढाईत उतरता येऊ नये म्हणून इंग्रजांनी पकडलेल्या हजारो सैनिकांना समुद्रापार पाठवले. सेंट हेलेना आणि सिलोननंतर हिंदुस्थानची पाळी आली. १९०१ पासून सुमारे नऊ हजार बोअर कैदी हिंदुस्थानातील निरनिराळ्या छावण्यांत आणण्यात आले. अहमदनगरचा किल्ला त्यांपैकी एक होता. साताऱ्यालाही अशी छावणी होती.

त्याच वेळी दक्षिण आफ्रिकेत या सैनिकांची शेते जाळली जात होती आणि त्यांच्या बायकामुलांना तारेच्या कुंपणाआड एकत्र केले जात होते. 'कॉन्सन्ट्रेशन कॅम्प' हा इंग्रजी शब्दप्रयोग जगभर पसरला तो या छावण्यांमुळे. गोवर, विषमज्वर आणि उपासमार यांनी तेथे सव्वीस हजारांहून अधिक बोअर स्त्रिया व मुले दगावली. त्यांत मुलांचीच संख्या मोठी होती. कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या छावण्यांतही हजारो माणसे मेली, पण त्यांची मोजदाद करण्याची तसदी फारशी कोणी घेतली नाही. एमिली हॉबहाऊस या इंग्रज समाजसेविकेने हा प्रकार आपल्याच देशबांधवांसमोर मांडला. ब्लूमफाँटेन येथे १९१३ मध्ये या स्त्रिया व मुलांचे स्मारक उभे राहिले.

म्हणजे कुटुंबप्रमुख अहमदनगरच्या तटाआड आणि कुटुंब आफ्रिकेतील तंबूत, अशी कित्येक घरांची स्थिती होती. छळछावण्यांच्या जागतिक इतिहासाचा एक धागा असा आपल्या शेजारच्या गावापर्यंत येतो. ब्लूमफाँटेनच्या स्मारकाची एक बाजू अहमदनगरला आहे, हे मात्र आपल्याकडे फारसे कोणाच्या ध्यानात नसते.

दोन महायुद्धे आणि 'शत्रूचे नागरिक'

१९१४ मध्ये पहिले महायुद्ध पेटताच हिंदुस्थानातील जर्मन व ऑस्ट्रियन पुरुषांची धरपकड झाली. अहमदनगरच्या लष्करी भागात त्यांच्यासाठी मुख्य छावणी उघडली गेली. व्यापारी, खलाशी, अभियंते यांच्याबरोबर मंगळूर आणि मलबार भागात शाळा, छापखाने व कौलांचे कारखाने चालवणाऱ्या बासेल मिशनचे जर्मन मिशनरीही तेथे आले. १९१७ मध्ये आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसच्या प्रतिनिधींनी इजिप्त, हिंदुस्थान आणि ब्रह्मदेशातील छावण्यांची पाहणी केली आणि तिचा अहवाल प्रसिद्ध केला. त्या पाहणीत अहमदनगरचा समावेश होता. छावणीतून गेलेली, सेन्सॉरचा शिक्का असलेली पत्रे आजही तिकीटसंग्राहकांच्या संग्रहांत सापडतात.

सप्टेंबर १९३९ मध्ये तोच प्रकार पुन्हा घडला. या वेळी मात्र त्यात एक विलक्षण विसंगती होती. हिटलरच्या छळाला कंटाळून जर्मनी व ऑस्ट्रियातून पळालेले अनेक ज्यू मुंबई, कलकत्ता आणि संस्थानी राजधान्यांत येऊन राहिले होते. त्यांत डॉक्टर होते, वादक होते, छायाचित्रकार होते. नोव्हेंबर १९३८ च्या ज्यूविरोधी हिंसाचारानंतर दाखाऊ, बुखेनवाल्डसारख्या छळछावण्यांत डांबलेल्या आणि देश सोडण्याच्या अटीवर सुटलेल्या माणसांपैकीही काही जण येथे पोहोचले होते. त्यांचे पारपत्र जर्मन, म्हणून तेही 'शत्रूचे नागरिक' ठरले आणि नाझी पक्षाच्या सभासदांबरोबर एकाच कुंपणात गेले. सर माल्कम डार्लिंग यांच्या अध्यक्षतेखालील समितीने एकेकाची चौकशी केल्यावर बहुतेक निर्वासितांना सोडण्यात आले. परंतु १९४० मध्ये फ्रान्स पडल्यावर भीतीची लाट आली आणि कित्येकांना पुन्हा बोलावणे आले.

या छावण्यांतून गेलेल्या माणसांची नावे पाहिली तरी त्या काळाचा गुंता कळतो. पुढे तिबेटमधील वास्तव्यामुळे जगप्रसिद्ध झालेला ऑस्ट्रियन गिर्यारोहक हाइनरिश हारर प्रथम अहमदनगरला, मग देवळालीला आणि नंतर डेहराडूनला होता. तेथून तो एप्रिल १९४४ मध्ये निसटला. तो नाझींच्या 'एसएस' संघटनेचा सभासद होता, ही गोष्ट १९९७ मध्ये उघड झाली. जर्मनीत जन्मलेले बौद्ध साधक लामा अनागारिक गोविंद हेही याच साखळीतून गेले. पुरंदर आणि सातारा येथे तुलनेने सौम्य छावण्या होत्या. पुरंदरवर कुटुंबेही राहत. कला-इतिहासकार डॉ. हर्मन गोएट्झ हे तेथे स्थानबद्ध असताना त्यांनी गडाचाच अभ्यास केला आणि त्यावर लिहिले. पुरंदर म्हटले की मुरारबाजी आणि संभाजीराजांचा जन्म आठवतो, आणि तो आठवायलाच हवा. त्याच गडावर एकेकाळी जर्मनीतून आलेली ज्यू मुले खेळत होती, हेही त्याच गडाच्या इतिहासाचे एक पान आहे.

नऊ ऑगस्टची रात्र आणि बारा कैदी

८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत 'छोडो भारत'चा ठराव झाला आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच नेत्यांना अटक झाली. एका खास गाडीने सर्वांना पुण्याच्या दिशेने नेण्यात आले. गांधीजींना चिंचवडला उतरवून आगाखान पॅलेसमध्ये नेले. काँग्रेस कार्यकारिणीचे सदस्य पुढे अहमदनगरच्या किल्ल्यात आले. मौलाना आझाद, जवाहरलाल नेहरू, सरदार पटेल, गोविंद वल्लभ पंत, आचार्य नरेंद्र देव, आचार्य कृपलानी, असफ अली, पट्टाभी सीतारामय्या, शंकरराव देव, प्रफुल्लचंद्र घोष, सय्यद महमूद आणि हरेकृष्ण महताब असे ते बारा जण होते. त्यांना कोठे ठेवले आहे, हे सरकारने आरंभी जाहीर केले नव्हते. पहिले काही आठवडे आत वर्तमानपत्रही मिळत नव्हते.

या जागेचे वेगळेपण आतील कामात आहे. नेहरूंनी एप्रिल ते सप्टेंबर १९४४ या पाच महिन्यांत 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' येथे लिहिले आणि ते अहमदनगर किल्ल्यातील आपल्या सहबंदींना अर्पण केले. त्या अर्पणपत्रिकेत त्यांनी या जागेचा उल्लेख 'प्रिझन कॅम्प' असाच केला आहे. आझादांचे 'गुबार-ए-खातिर' हे पत्ररूप पुस्तक येथलेच. ती पत्रे ज्यांना उद्देशून लिहिली त्यांच्याकडे त्या वेळी पाठवताच येत नव्हती. पट्टाभींचे 'फेदर्स अँड स्टोन्स'ही या काळातले. आचार्य नरेंद्र देव बौद्ध तत्त्वज्ञानाच्या ग्रंथात गढलेले असत आणि नेहरू अंगणात माती खणून फुलझाडे लावत.

पण ही काही पुस्तके लिहिण्यासाठी मिळालेली निवांत सुटी नव्हती. ९ एप्रिल १९४३ रोजी आझादांच्या पत्नी झुलेखा बेगम कलकत्त्यात निवर्तल्या. त्या आजारी असल्याचे कळत होते. भेटीसाठी सरकारकडे अर्ज करावा, असे सुचवले गेले. ज्या सरकारने खटल्याविना कोंडले त्याच्याकडे सवलत मागायची नाही, या भूमिकेवर आझाद ठाम राहिले. पतिपत्नींची भेट झाली नाही. मार्च १९४५ अखेर या नेत्यांना किल्ल्यातून हलवण्यास प्रारंभ झाला. नेहरू २८ मार्चला येथून निघाले आणि १५ जूनला अल्मोड्याहून सुटले.

आज काय आहे

किल्ला लष्कराच्या ताब्यात असून प्रवेश लष्कराच्या नियमांना बांधलेला आहे. नेत्यांना ठेवलेली इमारत स्मारक म्हणून जपली गेली आहे. नेत्यांची छायाचित्रे आणि त्या काळाशी निगडित वस्तू तेथे पाहायला मिळतात. लष्करी शिस्तीमुळे किल्ल्यावर अतिक्रमणे झाली नाहीत, ही जमेची बाजू. सामान्य माणसाला मात्र सहज म्हणून उठून तेथे जाता येत नाही, ही दुसरी बाजू.

पुण्याच्या आगाखान पॅलेसची वाट यापेक्षा सुकर झाली. येथे १५ ऑगस्ट १९४२ रोजी महादेवभाई देसाई आणि २२ फेब्रुवारी १९४४ रोजी कस्तुरबा यांचे निधन झाले. दोघांच्या समाध्या आवारात आहेत. १९६९ मध्ये आगाखान यांनी ही वास्तू देशाला अर्पण केली आणि २००३ मध्ये ती राष्ट्रीय महत्त्वाचे स्मारक म्हणून घोषित झाली. शहरात असल्याने शाळा, पर्यटक, अभ्यासक तेथे सतत येत असतात.

याउलट कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे वास्तू जवळजवळ उरलीच नाही, पण आठवण टिकली. सोव्हिएत राजवटीने सैबेरिया व कझाकस्तानात हद्दपार केलेल्या आणि १९४१ नंतर सुटलेल्या पोलिश कुटुंबांपैकी सुमारे पाच हजार जण १९४३ ते १९४८ या काळात येथे राहिले. ही छळाची नव्हे, आश्रयाची छावणी होती. फाळणीनंतर त्याच जागी सिंधी निर्वासित आले आणि आजचे गांधीनगर वसले. पोलिश मंडळी जगभर पांगली तरी त्यांनी संघटना टिकवली, आठवणींचा ग्रंथ काढला आणि कोल्हापूरच्या महावीर उद्यानात स्तंभ उभारला. ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी वॉर्सातील कोल्हापूर स्मारकाला भेट दिली. वास्तू नसली तरी माणसांनी आपली नावे जपली, तर स्मारक जिवंत राहते, हा वळिवड्याचा धडा आहे.

जगाने काय केले

पोलंडमधील माय्दानेक येथे युद्ध संपण्याआधीच, नोव्हेंबर १९४४ मध्ये, छावणीच्या जागी संग्रहालय स्थापन झाले. ऑश्विट्झसाठी पोलिश संसदेने २ जुलै १९४७ रोजी कायदा केला. त्यामागे छावणीतून वाचलेल्या कैद्यांचाच आग्रह होता. सुमारे अकरा लाख माणसे जेथे मारली गेली, त्या जागेचे १९१ हेक्टर क्षेत्र, दीडशेहून अधिक इमारती आणि शेकडो भग्नावशेष तेथे सांभाळले जातात. १९७९ मध्ये युनेस्कोने ही जागा जागतिक वारसा यादीत घेतली. २००९ मध्ये जतनासाठी कायमस्वरूपी निधी उभारणारे प्रतिष्ठान स्थापन झाले.

तेथील मुख्य नियम साधा आहे : जे आहे ते टिकवायचे, नव्याने घडवायचे नाही. कैद्यांचे एक लाखाहून अधिक जोडे, सुटकेसवरची हाताने लिहिलेली नावे, लाकडी बराकींचे पाये हे सारे पुरावे मानले जातात. पुरावा सजवायचा नसतो. जर्मनीतील दाखाऊ येथे मूळ बराकी पाडल्या गेल्या होत्या. १९६५ मध्ये स्मारक झाले तेव्हा दोन बराकी नव्याने बांधाव्या लागल्या. मूळ वास्तू आणि प्रतिकृती यांतला फरक अभ्यासकांना अजूनही बोचतो.

आपल्याकडे अंदमानच्या सेल्युलर जेलचे उदाहरण बोलके आहे. सावरकर बंधूंसह अनेक क्रांतिकारकांनी जेथे काळ्या पाण्याची शिक्षा भोगली, त्या तुरुंगाच्या सात शाखांपैकी आज तीनच शिल्लक आहेत. स्वातंत्र्यानंतर उरलेला भागही पाडला जाण्याची वेळ आली, तेव्हा तेथील जुने राजबंदीच विरोधाला उभे राहिले. ११ फेब्रुवारी १९७९ रोजी तुरुंग राष्ट्रीय स्मारक झाला.

पोर्तुगालमधील पेनिश या किल्ल्यात सालाझारच्या राजवटीने राजकीय कैदी ठेवले. गोव्याचे त्रिस्ताँव द ब्रागांझा कुन्हा यांनाही आग्वादच्या तुरुंगानंतर तेथे पाठवले गेले. २०१६ मध्ये या किल्ल्यात हॉटेल काढण्याचा घाट घातला गेला. जुन्या कैद्यांनी आणि नागरिकांनी आवाज उठवल्यावर तो बेत मागे पडला आणि एप्रिल २०२४ मध्ये तेथे प्रतिकार व स्वातंत्र्याचे राष्ट्रीय संग्रहालय खुले झाले. आग्वादचा तुरुंगही डिसेंबर २०२१ मध्ये संग्रहालय म्हणून खुला झाला.

अहमदनगरला काय हवे

या सर्व उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. जागा वाचली ती तेथे राहिलेल्या माणसांनी किंवा त्यांच्या वारसांनी हट्ट धरला म्हणून. अहमदनगरच्या बारा नेत्यांना असा हट्ट धरणारे राष्ट्र मिळाले. बोअर शेतकरी, बासेल मिशनचे धर्मोपदेशक आणि बर्लिन-व्हिएन्नाहून पळालेले ज्यू डॉक्टर यांचे येथे कोणी नाही. त्यांचे वारस परदेशांत विखुरले आहेत आणि त्यांच्या आजोबा-पणजोबांची छावणी नेमकी कोठे होती, हे सांगणारी खूण येथे हवी.

हे काम फार खर्चाचे नाही. रेडक्रॉसचा १९१७ चा अहवाल छापील स्वरूपात आहे. मुंबई व दिल्लीतील सरकारी अभिलेखागारे आणि लंडनमधील इंडिया ऑफिसचे दप्तर अभ्यासकांना खुले आहे. त्यांच्या आधारे छावण्यांचा नकाशा, वर्षवार नोंद आणि कैद्यांची नावे असलेले एक दालन उभे राहू शकते. लष्कर, जिल्हा प्रशासन आणि स्थानिक इतिहास संशोधक एकत्र आले आणि ठरावीक दिवशी शालेय सहलींना प्रवेश मिळाला, तरी मोठी मजल गाठता येईल.

यामुळे १९४२ च्या नेत्यांचे मोठेपण कमी होईल, असे मानण्याचे कारण नाही. उलट, खटला न चालवता माणसाला कोंडण्याची सवय सत्तेला कशी लागते, ती कोणाकोणावर आजमावली जाते आणि शेवटी ती देशाच्या भावी पंतप्रधानापर्यंत कशी येऊन पोहोचते, हे एकाच तटाच्या आत क्रमाने पाहता येईल. करमाडहून दौलताबादला जाणारी सहलीची बस एखाद्या वर्षी अहमदनगरकडे वळली, तर मुलांना तेथे नेहरूंच्या खोलीबरोबर ही बाकीची नावेही वाचायला मिळावीत.

दृष्टिक्षेपात

१८०३ : किल्ला इंग्रजांच्या ताब्यात.
१९०१-०२ : बोअर युद्धकैदी.
१९१४ : जर्मन व ऑस्ट्रियन नागरिकांची छावणी सुरू.
१९१७ : रेडक्रॉसची पाहणी.
१९३९-४१ : पुन्हा 'शत्रूचे नागरिक', पुढे देवळाली व डेहराडूनला स्थलांतर.
९ ऑगस्ट १९४२ : काँग्रेस नेत्यांना अटक, किल्ल्यात स्थानबद्धता.
एप्रिल-सप्टेंबर १९४४ : 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया'चे लेखन.
२८ मार्च १९४५ : नेहरूंना किल्ल्यातून हलवले.